पेशींना मिळणारा सांगावा : आहारातील स्निग्ध द्रव्ये आणि रोगप्रतिकारशक्ती



अन्न हे शरीराचे इंधन आहे, असे शाळेत पहिल्यापासून शिकविले जाते. ते खरे आहे. तथापि ते पुरेसे नाही. अन्नातील काही द्रव्ये जळून उष्णता देत नाहीत, किंवा हाडामांसाच्या बांधणीत विटा-चुन्याप्रमाणे बसतही नाहीत. ती अत्यल्प प्रमाणात शरीरात जातात आणि केवळ निरोप पोचवितात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी कोणते शस्त्र उचलावयाचे, कोठे जावयाचे आणि लढाई केव्हा थांबवावयाची, हे ठरविण्यात अशा निरोपांचा मोठा वाटा असतो. यांतील अनेक द्रव्ये स्निग्ध वर्गातील आहेत. म्हणजे ती पाण्यात विरघळत नाहीत, तेलातुपात विरघळतात. ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे, कोलेस्टेरॉलपासून बनणारी द्रव्ये आणि काही मेदाम्ले ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात क्षयरोगाने आजारी पडलेल्या व्यक्तींपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होत्या. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षे वयाच्या मुलांपैकी १८ टक्क्यांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची, तर दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी २४ टक्क्यांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. दुसरीकडे ‘प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या’ गोळ्या आणि पेये खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत पोचली आहेत. गावात आरोग्याची अडचण आली की सल्ला पुष्कळदा शिक्षकाला आणि पंचायत सदस्यालाच विचारला जातो. त्या वेळी कोणती गोष्ट खात्रीने सांगता येईल आणि कोणती सांगू नये, हे कळण्यासाठी या सूक्ष्म निरोपांचे कार्य समजून घेणे उपयुक्त आहे.

तेलाच्या बाटलीतील कोडे

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये जगापुढे आणला. त्यापूर्वीच, १८४९ साली, लंडनमधील डॉ. विल्यम्स यांनी क्षयरुग्णांना कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्याने त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसते, असे नमूद केले होते. पुढे १९०३ मध्ये ऑगस्ट रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधील लेझां या डोंगराळ गावी क्षयरुग्णांना उन्हात ठेवून उपचार करणारे रुग्णालय सुरू केले. मोकळी हवा, ऊन, दूध आणि अंडी यांवर भर देणारी आरोग्यधामे सर्वत्र निघाली. महाराष्ट्रात पाचगणी आणि मिरज ही नावे या संदर्भात जुन्या पिढीला परिचित आहेत.

तेलात आणि उन्हात असे काय होते, याचा उलगडा हळूहळू झाला. १९१३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी लोणी व अंड्याचा बलक यांत वाढीला आवश्यक असा एक स्निग्ध घटक असल्याचे दाखविले. तेच ‘अ’ जीवनसत्त्व. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी कॉड माशाचे तेल तापवून व त्यात प्राणवायू सोडून त्यातील ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले. तरीही ते तेल मुडदूस बरा करीतच राहिले. म्हणजे त्या एकाच तेलात दुसराही घटक होता. त्याला ‘ड’ हे नाव मिळाले. हाच घटक उन्हातील अतिनील किरणांमुळे मनुष्याच्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जवळच्या एका द्रव्यापासून तयार होतो. माशाचे तेल आणि ऊन यांचे नाते असे जुळले.

१९२८ मध्ये इंग्लंडमधील ग्रीन व मेलॅन्बी यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी प्राण्यांना जंतुसंसर्ग फार होतो, असे निदर्शनास आणले. पण कसे? इतक्या अल्प प्रमाणातील द्रव्य जंतूंविरुद्ध काय करू शकते? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास आणखी सुमारे साठ वर्षे लागली.

केंद्रकातील वाचक

शरीरातील बहुतेक पेशींत केंद्रक असते. त्यात गुणसूत्रे असतात आणि गुणसूत्रांवर जनुके. जनुक म्हणजे विशिष्ट प्रथिन तयार करण्याची लेखी आज्ञाच होय. केंद्रकाला पेशीची कचेरी म्हटले, तर जनुके म्हणजे तेथील कपाटांत ठेवलेल्या नस्त्या. सर्व नस्त्या अशा बहुतेक पेशींत असतात. पण एका वेळी त्यांतील थोड्याच उघडल्या जातात. कोणती नस्ती उघडावी, कोणती बंद ठेवावी, यावरच पेशीचे काम ठरते.

बाहेरून येणारे बहुतेक निरोप पेशीच्या दारापाशीच थांबतात, कारण पेशीचे आवरण मेदयुक्त असून त्यातून पाण्यात विरघळणारी द्रव्ये सहजी आत जात नाहीत. स्निग्ध द्रव्यांचे तसे नाही. लहान आकाराची स्निग्ध द्रव्ये हे आवरण ओलांडून थेट आत शिरू शकतात. तेथे त्यांना ओळखणारी विशेष प्रथिने असतात. त्यांना केंद्रकीय ग्राही म्हणतात. या ग्राहींच्या अंगी एक पोकळी असते आणि त्या पोकळीत विशिष्ट द्रव्यच नीट बसते. ग्राहीचा दुसरा भाग गुणसूत्रावरील ठराविक अक्षररचना ओळखून तिला चिकटतो. म्हणजे एकच प्रथिन निरोप वाचते आणि त्यानुसार नस्तीही उघडते.

ग्राहीची पोकळी रिकामी असताना त्याच्याशी निगडित असलेली साहाय्यक प्रथिने पुष्कळदा ते जनुक बंद ठेवतात. योग्य द्रव्य पोकळीत बसताच ग्राहीचा आकार किंचित बदलतो. अडविणारी प्रथिने सुटतात, मदत करणारी प्रथिने येतात आणि जनुकाचे वाचन सुरू होते. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांचे ग्राही एकटे काम करीत नाहीत. त्यांना रेटिनॉइड-एक्स ग्राही नावाचा एक समाईक जोडीदार लागतो. दोघे मिळून गुणसूत्रावर बसतात.

शिकागो येथील एल्वुड जेन्सन यांनी १९५० ते १९७० च्या दरम्यान स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहीचा शोध लावून या विषयाचा पाया घातला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटाने कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक वेगळे केले. १९८७ मध्ये एव्हान्स आणि फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील पिएर शांबाँ यांच्या गटांनी स्वतंत्रपणे ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा ग्राही शोधून काढला. मनुष्याच्या शरीरात असे एकूण ४८ ग्राही असल्याचे आज ज्ञात आहे. जेन्सन, एव्हान्स आणि शांबाँ यांना या कार्यासाठी २००४ साली लास्कर पारितोषिक देण्यात आले.

भक्षक पेशी आणि क्षयाचा जंतू

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो तेव्हा त्याला प्रथम सामोरी जाते ती भक्षक पेशी. नावाप्रमाणे ती जंतूला गिळते. मात्र क्षयाचा जंतू गिळला गेला म्हणजे मेला असे नव्हे. तो त्याच पेशीच्या पोटात तळ ठोकून राहू शकतो. पेशीने त्याला मारण्यासाठी आपले शस्त्र बाहेर काढले पाहिजे.

२००६ साली लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शस्त्राचा माग काढला. जंतूच्या आवरणातील द्रव्याची चाहूल लागताच मनुष्याची भक्षक पेशी दोन गोष्टी करते. ती ‘ड’ जीवनसत्त्वाचा ग्राही अधिक प्रमाणात तयार करते आणि रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्वाच्या साठवणीच्या रूपाचे कार्यक्षम रूपात परिवर्तन करणारे विकरही तयार करते. हे परिवर्तन एरवी मुख्यतः मूत्रपिंडात होते; येथे भक्षक पेशी ते काम स्वतःच करते. तयार झालेले कार्यक्षम ‘ड’ जीवनसत्त्व ग्राहीत बसते, ग्राही गुणसूत्रावर बसतो आणि कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार होऊ लागते.

याच प्रयोगात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. ज्या व्यक्तींच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी होते, त्यांचा रक्तद्रव वापरला असता भक्षक पेशींना हे शस्त्र पुरेसे बनविता आले नाही. त्याच रक्तद्रवात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळताच ते बनू लागले. म्हणजे नस्ती होती, वाचक होता, जंतूची वर्दीही पोचली होती. फक्त ज्या कागदावर हुकूम लिहावयाचा तोच कचेरीत नव्हता.

आतड्याचा पत्ता

‘अ’ जीवनसत्त्वाचे कार्य याहून वेगळे, पण तितकेच मूलभूत आहे. डोळ्यांसाठी ते आवश्यक आहे, हे गावोगाव माहीत झाले आहे. रातांधळेपणा आणि त्यातून येणारे अंधत्व टाळण्यासाठी १९७० पासून भारतात लहान मुलांना या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. परंतु त्याचा संबंध केवळ दृष्टीशी नाही.

आतड्याच्या भिंतीत पहारेकरी पेशी असतात. त्या ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवितात आणि जवळ आलेल्या लसीकापेशींना देतात. लसीकापेशीतील ग्राही हा निरोप वाचतो आणि तिच्या पृष्ठभागावर अशी प्रथिने आणवितो की ती पेशी रक्तातून फिरत असताना पुन्हा नेमकी आतड्याकडेच वळते. जणू तिच्या हाती आतड्याचा पत्ताच दिला जातो. जपानी संशोधक इवाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखविले. ‘अ’ जीवनसत्त्वाची तीव्र उणीव असलेल्या उंदरांच्या आतड्यांत या रक्षक पेशी फार थोड्या आढळल्या. सैन्य होते; पण ते सीमेवर पोचत नव्हते. याच रेटिनॉइक आम्लाच्या साहाय्याने काही लसीकापेशी शांतता राखणाऱ्या पेशी बनतात आणि रोजच्या अन्नाविरुद्ध नाहक लढाई होऊ देत नाहीत, असेही २००७ पासूनच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

या पार्श्वभूमीवर आल्फ्रेड सॉमर यांचे इंडोनेशियातील कार्य लक्षणीय ठरते. नेत्रतज्ज्ञ असलेल्या सॉमर यांना असे दिसले की, रातांधळेपणाची सौम्य लक्षणे असलेली मुलेही इतर मुलांपेक्षा अधिक संख्येने दगावतात. आचे प्रांतातील ४५० खेड्यांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व दिले, तेथे बालमृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तमिळनाडूतील चाचणीत दर आठवड्याला अल्प मात्रा दिल्याने मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्व द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

लढाई थांबविण्याचा हुकूम

प्रतिकार म्हणजे केवळ हल्ला नव्हे. शेतात शिरलेली जनावरे हुसकावून लावावयाची, पण पीक तुडवावयाचे नाही, अशी ही कसरत असते. लढाई लांबली तर स्वतःच्याच ऊतींचा नाश होतो. म्हणून काही स्निग्ध द्रव्यांचे ग्राही प्रतिकारक पेशींना आवरण्याचे काम करतात.

भक्षक पेशी मेलेल्या पेशी गिळते तेव्हा त्यांच्यातील कोलेस्टेरॉलही तिच्यात जाते. ते वाढू लागले की त्यापासून बनणारी द्रव्ये यकृत-एक्स नावाच्या ग्राहीत बसतात. तो ग्राही जादा कोलेस्टेरॉल पेशीबाहेर काढणारी यंत्रणा सुरू करतो आणि त्याच वेळी दाह निर्माण करणाऱ्या जनुकांना लगाम घालतो. पीपार-गॅमा नावाचा दुसरा ग्राही मेदाम्लांची दखल घेतो. तोही भक्षक पेशींतील दाह कमी करतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. साफसफाई आणि दुरुस्ती यांकडे पेशीला वळविणारी ही व्यवस्था कोलमडली की भक्षक पेशी मेदाने फुगतात. रोहिणीच्या भिंतीत हृदयविकाराचे बीज अशाच फुगलेल्या पेशींतून पडते. क्षयाचा जंतूदेखील अशा मेदाने भरलेल्या पेशींत आसरा घेतो.

दाह शमविणारा सर्वांत प्रबळ निरोप म्हणजे कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांवरील ग्रंथी हे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनवितात. त्याच्यासारखी कृत्रिम औषधे स्टेरॉइड या नावाने सर्वपरिचित आहेत. २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत कोविडच्या कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याच औषधाचा लाभ झाला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर काळ्या बुरशीचे जे रुग्ण आढळले, त्यांतील अनेकांना मधुमेह होता आणि पुष्कळांना स्टेरॉइड देण्यात आले होते. सैन्याला माघारीचा हुकूम योग्य वेळी दिला तर प्राण वाचतात. अवेळी दिला तर शत्रूला दार उघडे होते. अंगदुखी, दमा किंवा ताप यांवर ‘चटकन गुण देणारे’ म्हणून नाव न सांगता टोचले जाणारे इंजेक्शन या दृष्टीने धोक्याचे असते. ते सुप्त क्षयही जागा करू शकते.

एक गोळी का पुरली नाही?

एवढे ज्ञान हाती आल्यावर साहजिकच असे वाटेल की, सर्वांना ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या की क्षय हटेल. ही कल्पना प्रत्यक्ष तपासून पाहण्यात आली. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर चाचणी झाली. तेथील बहुतेक मुलांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव होती. निम्म्या मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० एकके ‘ड’ जीवनसत्त्व दिले गेले. त्यांच्या रक्तातील प्रमाण वाढले. परंतु क्षयसंसर्ग कमी झाला नाही. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील क्षयरुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही नेहमीच्या औषधांसोबत ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्याने थुंकीतील जंतू अधिक लवकर नाहीसे झाले नाहीत.

‘अ’ जीवनसत्त्वाबाबतही सर्वत्र सारखे फळ मिळाले नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांचा समावेश असलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तेथे बालमृत्यूंत दखल घेण्याजोगी घट दिसली नाही. आचेतील गावांना जे लागू पडले, ते सर्व काळी व सर्व ठिकाणी त्याच प्रमाणात लागू पडेलच असे नाही.

या निष्कर्षांमुळे प्रयोगशाळेतील शोध खोटा ठरत नाही. मात्र त्याची मर्यादा कळते. काचपात्रात एकच गोष्ट उणी होती. ती भरून काढताच काम सुरू झाले. उपाशी शरीरात एकच गोष्ट उणी नसते. ग्राही हे स्वतः प्रथिन आहे, कॅथेलिसिडिन हेही प्रथिन आहे, भक्षक पेशींची निर्मितीच मुळी ऊर्जा व प्रथिने यांवर अवलंबून आहे. कचेरीत हुकूम पोचला. पण कर्मचारी नाहीत, सामग्री नाही, तर अंमलबजावणी कशी होणार?

उलट, निरोपाचा अतिरेकही अपाय करतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अवाजवी मात्रांनी रक्तातील चुना वाढून मूत्रपिंडे बिघडतात. गरोदरपणी ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. गर्भाच्या अवयवांची घडण ठरविणारी अनेक जनुके रेटिनॉइक आम्लाचेच हुकूम पाळतात, हे त्याचे कारण होय.

झारखंडमधील शिधा

मग पोषणाचा उपयोग नाही काय? याचे उत्तर झारखंडमधील चार जिल्ह्यांतून मिळाले. २०१९ ते २०२२ या काळात तेथे २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील १०,३४५ व्यक्तींची पाहणी झाली. सर्वच रुग्णांना शिधा देण्यात आला. निम्म्या कुटुंबांत रुग्णाबरोबरच घरातील इतर माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा घरांतील माणसांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर जंतू आढळलेल्या फुप्फुसक्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. सुटी गोळी जेथे अपुरी पडली, तेथे डाळ-भात आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये यांचा एकत्र आहार उपयोगी पडला.

तथापि पोषण हे औषधाची जागा घेऊ शकत नाही, हेही भारतातच सिद्ध झाले आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने आरोग्यधामातील आणि घरी राहून औषधे घेणाऱ्या रुग्णांची तुलना केली. आरोग्यधामात विश्रांती आणि सकस आहार होता. घरी दाटीवाटी आणि साधे जेवण. तरीही नियमित औषधे घेणारे घरचे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे जगभरात क्षयाचा उपचार रुग्णाच्या घरी पोचला. या दोन पाहण्यांचा बोध एकत्र घ्यावयास हवा. आजारी पडलेल्याला बरे करते ते प्रामुख्याने औषध. आणि त्याच्या सान्निध्यातील माणसाला आजारी पडण्यापासून सावरण्यात पोटभर अन्नाचा वाटा मोठा.

गावपातळीवरील कार्य

क्षयरुग्णाला आहारासाठी थेट साहाय्य देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. प्रारंभी दरमहा ५०० रुपये असलेली ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली. मार्च २०२३ मध्ये क्षयमुक्त पंचायत उपक्रमाचाही प्रारंभ झाला. ही रक्कम रुग्णाच्या खात्यात वेळेवर पडते की नाही, बँक खात्याची किंवा आधार जोडणीची अडचण आहे काय, याची चौकशी पंचायत सदस्य करू शकतात. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला असणाऱ्या व्यक्तीला तपासणीस पाठविणे आणि रुग्णाच्या घरातील सर्व माणसांची तपासणी झाली आहे याची खात्री करून घेणे हे त्याहूनही निकडीचे काम आहे. घरातील इतरांच्या ताटाकडे लक्ष देणे हा झारखंडचा धडा आहे. शिधापत्रिका, अंगणवाडीचा आहार आणि ‘निक्षय मित्र’ म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांची मदत या तिन्ही वाटा त्यासाठी उपलब्ध आहेत.

शिक्षकांना वर्गात सांगता येण्याजोग्या गोष्टीही साध्या आहेत. शेवग्याचा पाला, माठ, पालक, गाजर, पपई आणि पिकलेला आंबा यांत ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य असते. पण ते स्निग्ध द्रव्याबरोबरच नीट शोषले जाते. म्हणून पालेभाजीला थोडी तेलाची फोडणी देण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. ‘ड’ जीवनसत्त्व मोजक्याच पदार्थांत मिळते: मासे, अंड्याचा बलक आणि २०१८ च्या नियमांनुसार ‘अ’ व ‘ड’ मिसळलेले तेल व दूध. उरलेले ऊन देते. मात्र खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी, कारण आवश्यक किरण काच अडविते. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असते त्या वेळचे ऊन उपयोगी, ही खूण मुलांना मैदानावर स्वतःच पाहता येते. गोळ्यांची गरज आहे की नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्यावर सोपवावे. लहान मुलांना नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत दिल्या जाणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा मात्र वेळापत्रकाप्रमाणे चुकू देऊ नयेत.

रोगप्रतिकारशक्ती ही बाटलीतून विकत मिळणारी वस्तू नव्हे. पेशींच्या केंद्रकात अहोरात्र चालणारा तो एक चोख कारभार आहे. त्या कारभाराला निरोप हवा आणि तो अमलात आणण्यासाठी सामग्रीही हवी. निरोप उन्हातून, पालेभाजीतून आणि थोड्या तेलातुपातून येतो. सामग्री डाळ-भात, ज्वारी-बाजरी, दूध आणि अंडी यांतून येते. कोणत्याही घरातील ताटात या दोहोंपैकी एकाचीही उणीव राहू नये, हे पाहणे ज्या ग्रामसभेला साधेल, तिने आपल्या गावातील प्रत्येक भक्षक पेशीचे हात बळकट केले, असे म्हणता येईल.